'लेखकाने मांडणी कशी केली?' या प्रश्नाला पोरं गोष्टच लिहून येतात, त्यावर काय करायचं

दरवर्षी एकच तक्रार येते, आणि लेकरांपेक्षा त्यांच्या आई-वडलांकडनं जास्त येते. सर, पोरीनं दीड पान लिहिलंय, अक्षर बघा किती नीट आहे, शुद्धलेखनाची चूक नाही, मग पाचात दोनच मार्क कसे काय पडले. पेपर हातात घेतला की कारण पहिल्याच ओळीत दिसतं. प्रश्न असतो 'लेखकाने कथेची मांडणी कशी केली आहे ते स्पष्ट करा' आणि उत्तर सुरू होतं 'एका गावात एक म्हातारी राहत होती', आणि तिथून जे निघतं ते कथा संपेपर्यंत थांबत नाही. सगळे प्रसंग क्रमानं आलेले, एक सुद्धा सुटलेला नाही, आणि जे विचारलं होतं त्याचा एक शब्द नाही.

मी अंबाजोगाईला अकरावी-बारावीच्या आणि बीएच्या पोरांना मराठी शिकवतो. केज, धारूर, परळी, रेणापूरकडनं लेकरं येतात, लातूर जवळ असल्यामुळं निम्म्यांचा जीव फिजिक्स-बायोलॉजीत अडकलेला असतो आणि मराठीला काय अभ्यास लागतोय असा घरात समज असतो. तर मार्क नेमके इथंच गळतात. आणि मला या प्रश्नाबद्दल आस्था आहे ती मार्कांमुळं नाही फक्त, हा प्रश्न ज्याला कळला त्याचं वाचणंच बदलतं हे मी बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय, ज्याला घाई असेल त्यानं खालचा घागरींचा उतारा आणि त्यावरची दोन उत्तरं तेवढी वाचली तरी चालेल.

आधी हा प्रश्न ओळखायचा कसा ते बघू, कारण तो दरवेळी एकाच वेशात येत नाही. कधी 'कथेची रचना', कधी 'कथानकाची गुंफण', कधी 'निवेदनपद्धती', कधी 'कथेच्या शेवटाचे वैशिष्ट्य', कधी 'शीर्षकाचा आणि शेवटाचा संबंध'. बारावीच्या युवकभारतीत, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकात, कथा हा साहित्यप्रकार म्हणूनच वेगळा भाग आहे, अकरावीला तीच जागा नाटकाला आहे, तिथं तर हे येणारच. कवितेच्या रसग्रहणात पण रचना लपून बसलेली असते. बीए-एमएला 'कथनतंत्र' म्हणतात. आणि हे आपल्याकडंच आहे असं नाही, इंग्लंडात दहावीच्या वयाची लेकरं जीसीएसई देतात, त्यातल्या एक्यूए बोर्डाच्या इंग्रजी भाषेच्या पहिल्या पेपरात तिसरा प्रश्न बरीच वर्षं हाच होता, ८ मार्कांचा, की लेखकानं वाचकाला धरून ठेवायला मजकुराची रचना कशी केलीय. तिथं प्रश्नाखाली सूचना असायच्या: सुरुवातीला लेखक तुमचं लक्ष कशावर नेतो, पुढं ते लक्ष कसं आणि का बदलतो, आणि रचनेतलं आणखी काय तुम्हाला वेधून घेतं. आपल्या पेपरात अशी सूचना छापलेली नसते, पण हे तीन धागे मनात ठेवून उत्तर लिहायला कुणी अडवलेलं नाही. मला तर त्यातला मधला धागा सगळ्यात कामाचा वाटतो, लक्ष कुठं हलवलं आणि का.

आता मूळ दुखणं. पोरं गोष्ट का लिहून येतात? आळस नाही तो. तिसरी-चौथीपासून आपण त्यांना 'गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा', 'सारांश लिहा', 'थोडक्यात लिहा' हेच करायला लावलंय, आणि ते त्यांना चांगलं जमतं. मग 'कथा' हा शब्द प्रश्नात दिसला की हात आपोआप सारांशाकडं वळतो. काय घडलं हे एक, आणि ते कोणत्या क्रमानं, कुणाच्या तोंडून, किती वेळ घेऊन आणि काय झाकून ठेवून सांगितलं हे दुसरं, यातला फरक त्यांना कुणी हातात दिलेलाच नसतो.

मी वर्गात फोनचं उदाहरण देतो. अण्णा मोटारसायकलवरनं पडलेत, पाय मोडलाय, दवाखान्यात आहेत. आता पुण्यातल्या पोराला हे फोनवर कसं सांगणार? कुणीच 'अण्णा पडले' इथून सुरू करत नाही. 'अरे घाबरू नको, अण्णा बरे आहेत, माझ्याशेजारीच बसलेत, बोलतो का? काही नाही, सकाळी जरा गाडी घसरली', असं सांगतो माणूस. शेवटचं आधी आलं, पहिलं शेवटी गेलं, आणि पाय मोडल्याचं तर अजून राखूनच ठेवलंय. घटना तीच आहे. क्रम बदलला तो ऐकणाऱ्याचा विचार करून बदलला. लेखक पण हेच करतो, फक्त तो बऱ्याचदा घाबरू नको म्हणण्याऐवजी घाबरवायला क्रम वापरतो. आमच्या घरातली प्रत्येक बाई, प्रत्येक माणूस ही रचना रोज करतो, म्हणून ही गोष्ट अवघड आहे असं मला कधीच वाटलं नाही.

आता प्रत्यक्ष उतारा घेऊ. हा मीच सरावासाठी लिहिलाय, दुष्काळाचा आहे कारण आमच्या लेकरांना त्यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा ही पोरं लहान होती, पण घरात ती आठवण अजून निघते. उतारा असा:

गल्लीच्या तोंडापासून मारुतीच्या पारापर्यंत घागरी लागल्या होत्या. पितळी, पत्र्याच्या, प्लास्टिकच्या. माणसं सावलीला गेली होती, घागरी मात्र उन्हात आपापल्या नंबरावर उभ्या होत्या.

त्यातली एक निळी होती. तिच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली.

ती चिंधी गंगाबाईच्या पोरानं बांधली होती, दोन वर्षांमागं, खेळता खेळता, स्वतःच्या सदऱ्याची पट्टी फाडून. तेव्हा आडाला पाणी होतं. घागर ओळखायला खूण लागत नव्हती.

'टँकर आला!'

पारावरची माणसं उठली. घागरी सरकल्या. कुणी पाईप ओढला, कुणी शिवी दिली. मागच्या बाईनं आपल्या घागरीबरोबर निळी पण पुढं सरकवली. अजून पुढं. तोटीखाली.

भरली.

पण ती उचलायला कुणी आलं नाही.

प्रश्न: लेखकाने या उताऱ्याची मांडणी कशी केली आहे?

नेहमीचं उत्तर असं येतं: 'या उताऱ्यात लेखकाने दुष्काळाचे वर्णन केले आहे. गावात पाणी नसल्यामुळे लोकांनी घागरी रांगेत लावल्या होत्या. त्यात गंगाबाईची निळी घागर होती. तिला तिच्या मुलाने चिंधी बांधली होती. मग टँकर आला व सर्वांनी गर्दी केली. निळी घागर भरली पण ती घ्यायला कोणी आले नाही. अशा प्रकारे लेखकाने अतिशय सुंदर मांडणी केली आहे.'

यात एक पण वाक्य खोटं नाही. पण शेवटचं वाक्य काढून टाकलं तर हे 'उताऱ्याचा सारांश लिहा'चं उत्तर आहे. आणि ते शेवटचं वाक्य कशाच्या आधारावर आलं ते सांगितलेलंच नाही. वाक्यांचे कर्ते बघा: लोकांनी, घागर, मुलाने, टँकर, सर्वांनी. लेखक दोनदाच आलाय, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत, आणि दोन्ही वेळा त्यानं काय केलं ते मोघमच.

म्हणून पहिला उपाय एकदम यांत्रिक आहे, पण लागू पडतो. वाक्याचा कर्ता बदला. लेखक, निवेदक, उतारा, परिच्छेद, शेवट, यातलं काहीतरी कर्ता पाहिजे. आणि क्रियापदं अशी घ्या की ती मांडणीचीच असतील: आधी दाखवतो, राखून ठेवतो, मागं नेतो, मध्येच थांबवतो, पुन्हा आणतो, वेग वाढवतो, नाव घेत नाही, एकदम तोडतो. ही आठ-दहा क्रियापदं वहीच्या मागं लिहून ठेवली तरी पोरगं गोष्टीकडं घसरत नाही, कारण 'लेखक राखून ठेवतो' असं लिहिल्यावर पुढं काय राखून ठेवतो आणि कुठपर्यंत हे लिहावंच लागतं.

दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा. जागा बदलून बघा. उताऱ्यातला एक तुकडा मनातल्या मनात उचला आणि दुसरीकडं ठेवा. चिंधीची आठवण घ्या आपल्या उताऱ्यातली. ती अगदी सुरुवातीला ठेवली तर? मग पहिल्या ओळीपासनंच आपण गंगाबाईच्या पोराची गोष्ट वाचायला लागतो, रांगेतल्या शंभर घागरी मागं पडतात, गावाची टंचाई ही एका घराच्या दुःखाचा पडदा होऊन जाते. बरं, ती शेवटी ठेवली तर, 'कुणी आलं नाही'च्या नंतर? मग ती खुलासा होते, लेखक हात धरून सांगतोय की बाबा रडा आता. आत्ता ती कुठंय? एका घागरीवर नजर स्थिरावल्यावर आणि टँकर यायच्या बरोबर आधी. म्हणजे आडाला पाणी असतानाचे ते शांत दिवस मनात घेऊन आपण त्या गर्दीत शिरतो, आणि सगळे ओढाताण करत असताना आपलं लक्ष त्या चिंधीवर राहतं. माणसांवर नाही, चिंधीवर. म्हणून घागर भरल्यावर आपण लगेच बघतो की आता उचलायला कोण येतंय. हे जे मी आत्ता लिहिलं ना, हेच उत्तर आहे. परीक्षेत 'जागा बदलली तर' असं लिहिलं तरी चालतं, नुसता विचार करून निष्कर्ष लिहिला तरी चालतो.

मी वर्गात हा उतारा झेरॉक्स करून कात्रीनं कापून देतो, सात तुकडे, आणि चार-चार जणांच्या गटाला लावायला सांगतो. कुणाचा क्रम बरोबर येतो हे मी बघतच नाही. तुम्ही असं का लावलं, एवढंच विचारतो. पोरं भांडतात त्यावर, आणि भांडताना जे बोलतात ते सगळं रचनेबद्दलच असतं, एरवी जे पेपरात लिहायला सांगून जमत नाही ते आपोआप तोंडातनं येतं. मास्तर लोकांनी हा प्रयोग जरूर करावा, एक तास जातो, पण व्याख्यान देऊन जे होत नाही ते होतं. आई-वडलांना घरी करता येईल, पेपरातली एखादी छोटी कथा कापायची.

आता चांगलं उत्तर कसं दिसेल ते. पाच मार्कांसाठी एवढं पुष्कळ झालं:

'उताऱ्याच्या सुरुवातीला लेखक एकाही माणसाचे नाव घेत नाही. गल्लीभर लागलेली घागरींची रांग दाखवून तो टंचाई साऱ्या गावाची आहे हे आधी ठसवतो. त्यानंतर नजर एका निळ्या घागरीवर आणि तिथून तिच्या चिंधीवर आणली जाते. एवढ्या रांगेतून हीच घागर का, हा प्रश्न वाचकाला इथे पडतो. टँकर येण्याच्या नेमका आधी लेखक काळ मागे नेतो आणि पाणी असतानाचे दिवस दाखवतो, त्यामुळे पुढच्या गर्दीतही वाचकाचे लक्ष त्या घागरीवरच राहते. 'टँकर आला' या आरोळीने आठवण अर्ध्यावर तुटते आणि वाक्ये तुटक, वेगवान होतात. 'भरली' हा एका शब्दाचा परिच्छेद हा वेग एकदम थांबवतो. शेवटी घागर भरण्याचे अपेक्षित समाधान न देता लेखक माणसाची अनुपस्थिती दाखवतो. सुरुवातीला माणसे सावलीला आणि घागरी उन्हात होत्या, ते साधे वर्णन शेवटच्या ओळीमुळे वेगळ्याच अर्थाने आठवते. गंगाबाईचे आणि मुलाचे काय झाले हे लेखक सांगत नाही, ती जागा तो वाचकासाठी मोकळी ठेवतो.'

बघा, यात 'सुंदर', 'अप्रतिम', 'मनाला भिडणारी' असा एकही शब्द नाही. गोष्ट पण पूर्ण कळते वाचणाऱ्याला, मुद्दाम सांगितली नसताना. अजून एक, सुरुवात, वळण आणि शेवट या तिन्ही जागांवर बोललंय. बरीच लेकरं सुरुवातीवरच पाऊण पान घालवतात आणि शेवटाला 'शेवट हृदयस्पर्शी आहे' एवढं लिहून बेल वाजते. वेळ नसेल तर सुरुवात एका वाक्यात उरका, पण शेवट सोडू नका, कारण शेवट वाचल्यावरच कळतं की लेखकानं आधीचं तसं का ठेवलं होतं.

दुसरं दुखणं हुशार पोरांना जास्त होतं. त्यांना शब्द माहीत असतात. 'लेखकाने फ्लॅशबॅक तंत्र वापरले आहे. त्यामुळे उत्कंठा वाढते.' झालं, पुढचा मुद्दा. तपासणाऱ्याला कळत नाही की या पोराला खरंच दिसलंय का पाठ केलंय, कारण हे वाक्य कुठल्याही कथेला चिकटवता येतं. आणि जे वाक्य कुठल्याही कथेला चालतं ते कुठल्याच कथेचं उत्तर नसतं. माझा वर्गातला नियम असा की 'उत्कंठा' हा शब्द लिहायचा असेल तर त्याच्या पुढच्या वाक्यात वाचकाला नेमका कोणता प्रश्न पडलाय ते लिहायचं, नाहीतर तो शब्द खोडायचा. वरच्या उत्तरात 'हीच घागर का' असं लिहिलंय बघा, उत्कंठा शब्द न वापरता उत्कंठा दाखवली. फ्लॅशबॅकचं पण तसंच, कुठून कुठं नेलं, किती वेळ तिथं ठेवलं, आणि परत कशानं आणलं. आपल्या उताऱ्यात परत आणणारी ती आरोळी आहे, आणि ती मधेच तोडते हे महत्त्वाचं आहे, आठवण सावकाश विरून गेली असती तर परिणाम वेगळा झाला असता.

तिसरं, भाषा आणि रचना यांची गल्लत. प्रश्न रचनेचा आणि उत्तरात उपमा, उत्प्रेक्षा, ग्रामीण बोलीचा गोडवा. 'घागरी उभ्या होत्या' इथं चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं सांगणारा अलंकार, आहे असं एकीनं लिहिलं होतं, बरोबर आहे, पण तो भाषेचा मुद्दा झाला. तिला मी विचारलं की माणसं बाजूला आणि घागरी रांगेत हे पहिल्याच परिच्छेदात का सांगितलं असेल, आणि शेवटी काय होतं. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, सर शेवटी पण घागरच आहे, माणूस नाही. तोच अलंकार पहिल्या आणि शेवटच्या ओळीला जोडला की रचनेचा मुद्दा झाला. म्हणजे अलंकार लिहायचाच नाही असं नाही, तो कुठं आला आणि दुसऱ्या कशाशी जुळला ते लिहायचं. वाक्य लांब आहे का आखूड हे दोन्हीकडं मोजलं जातं, तिथं फार डोकं लावू नका, वेग बदलतो असं लिहा आणि कुठं बदलतो ते सांगा.

कविता आली की वेगळीच गडबड. 'या कवितेत चार कडवी आहेत, प्रत्येक कडव्यात चार ओळी आहेत, यमक साधले आहे.' ही मोजणी झाली. मोजणीतनं काय निघतं ते पाहिजे. आमच्या भागातल्या लेकरांना यात खरं तर फायदा आहे. गंगाखेडची जनाबाई, नरसीचे नामदेव, पैठणचे नाथ, यांचे अभंग ज्यानं लहानपणापासून सप्ताहात ऐकलेत त्याला अभंगाचं ध्रुपद, म्हणजे परत परत म्हटली जाणारी ओळ, काय करतं हे कानानं माहीत आहे, प्रत्येक चरणानंतर आपण मूळ गोष्टीवर परत येतो, आणि दरवेळी मधल्या चरणानं त्या जुन्या ओळीत थोडी भर घातलेली असते. शेवटच्या चरणात नाव येतं, 'नामा म्हणे', 'जनी म्हणे', 'एका जनार्दनी'. नाव शेवटीच का? बोलणारा आत्तापर्यंत सगळ्यांच्या वतीनं बोलत होता, तो शेवटी स्वतः पुढं येऊन त्या बोलण्याखाली आपलं नाव ठेवतो. हे एवढं जरी पोरानं स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी परीक्षक खूश होतो.

नाथांचं विंचवाचं भारुड घ्या, सगळ्यांना पाठ आहे. पहिल्यांदा नुसती ओरड, विंचू चावला. लगेच कळतं की विंचू म्हणजे काम-क्रोध. मग वेदनेचं वर्णन, मग विषावरचा उतारा सांगितलाय, तमोगुण मागं सारा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावा, आणि शेवटी थोडी फुणफुण उरते ती जनार्दन शांत करतात. ओरड, कारण, वेदना, औषध, आराम. हा अनुक्रम म्हणजे खरा विंचू चावलेल्या माणसाच्या घरात जे घडतं तेच आहे, आणि म्हणून रानात काम करणाऱ्या माणसाला तो उपदेश आहे असं न वाटता आपलीच गोष्ट वाटते. औषध आधी सांगितलं असतं तर ते प्रवचन झालं असतं. हे झालं रचनेवरचं उत्तर, आणि यात एकदा पण कडवी मोजावी लागली नाहीत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं ते ही याच नजरेनं बघा, आधी तत्त्व आणि मग गोष्ट, उलटं केलं तर लोक गोष्ट ऐकून उठून जातील का, का गोष्टीचा अर्थ प्रत्येक जण वेगळाच लावेल, असे प्रश्न विचारायची सवय लागली की मग कुठलाही मजकूर आला तरी भीती राहत नाही.

मुक्तछंदात ओळ कुठं तोडली आणि कुठं रिकामी जागा सोडली ते बघायचं. वैचारिक लेखात विरोधी मत लेखकानं कुठं आणलं ते शोधायचं, सुरुवातीला आणून खोडलं की शेवटी, आणि आकडे-उदाहरणं दाव्याच्या आधी ठेवलीत का नंतर. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात असतं कारण जागा कमी पडली तर बातमी खालून कापतात, कथा मात्र खालून कापली तर मरून जाते. गद्याच्या या बाकीच्या प्रकारांवर जास्त लिहीत नाही, कथेचं जमलं की हे जमतं.

बीए, एमए आणि सेट-नेट करणाऱ्यांसाठी एवढंच की जेरार जेनेत या फ्रेंच अभ्यासकानं १९७२ मध्ये कथनातल्या काळाचे जे तीन भाग पाडले, क्रम, कालावधी आणि वारंवारता, ते नुसते व्याख्येपुरते पाठ करू नका, उताऱ्यावर लावून बघा. क्रम म्हणजे घडण्याचा आणि सांगण्याचा अनुक्रम जुळतो का. कालावधी म्हणजे दोन वर्षं एका वाक्यात गेली आणि दोन मिनिटांना अख्खा परिच्छेद मिळाला, हे का. वारंवारता म्हणजे एकदा घडलेलं तीनदा सांगितलंय का, किंवा रोज घडणारं एकदाच. आपल्या घागरीच्या उताऱ्यात आडाला पाणी असतानाचा काळ तीन-चार ओळींत संपतो आणि टँकरची धांदल सगळ्यात लांब चालते, हा कालावधीचा मुद्दा झाला. बारावीच्या पोरानं जेनेतचं नाव लिहायची गरज नाही, पण हे तीन प्रश्न त्याला पण चालतात.

वेळेचं गणित. बारावीचा मराठीचा पेपर ८० मार्कांचा, तीन तासांचा, म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटं, म्हणजे पाच मार्काच्या उत्तराला वाचण्यासकट अकरा-बारा मिनिटं. त्यातली पहिली तीन मिनिटं पेन खाली ठेवून उताऱ्याच्या मार्जिनमध्ये प्रत्येक परिच्छेदासमोर दोन-तीन शब्द लिहायचे: 'रांग, सगळं गाव', 'एक घागर', 'मागं, २ वर्षं', 'आरोळी', 'वेग', 'थांबलं', 'कुणी नाही'. पेन्सिलनं लिहा. या खुणांकडं बघितलं की वळण कुठं आहे ते डोळ्याला दिसतं, आणि लिहिताना उतारा परत परत वाचावा लागत नाही. पोरं म्हणतात सर वेळ जातो यात. गोष्ट लिहिण्यात यापेक्षा जास्त जातो.

शेवटचा एक प्रश्न जो दर बॅचला कुणीतरी विचारतंच, की सर उताऱ्यात फ्लॅशबॅक नाही, वळण नाही, सगळं सरळ सकाळपासनं संध्याकाळपर्यंत सांगितलंय, मग लिहायचं काय. सरळ क्रम सुद्धा लेखकानं निवडलेला असतो. अशा वेळी बघायचं की दिवसातला कोणता भाग गाळला, कोणत्या प्रसंगाला सगळ्यात जास्त ओळी दिल्या, कोणती गोष्ट दोनदा आली, आणि शेवटच्या ओळीत जे आहे त्याची चाहूल आधी कुठं लागली होती का. चारातलं एक तरी सापडतंच, आणि दोन सापडले तर उत्तर तयार. दिवसभराचं काम सांगणाऱ्या उताऱ्यात दुपारचं जेवण गाळलेलं असेल तर ते का गाळलं असेल, तिथून सुरुवात करा.